चैत्यभूमीवरून दिसणारा पूल

बोदवडला समुद्र नाही. मोठी नदीही नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहणारे आमचे गाव. त्यामुळे आमच्याकडच्या पुष्कळ मायबहिणींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर. भुसावळहून रात्रीची गाडी धरायची, जागा मिळाली तर ठीक, नाही तर दाराशी वर्तमानपत्र अंथरून बसायचे, पहाटे दादरला उतरायचे, रांगेत उभे राहून बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि मग वाळूवर येऊन शिदोरी सोडायची. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. समोर पाणीच पाणी.

या पाण्याला माहीमची खाडी म्हणतात. उजव्या हाताला वांद्रे, डाव्या हाताला वरळी, आणि मध्ये समुद्र आत वळून आलेला. मिठी नदी माहीमपाशी याच खाडीला मिळते. आता या दोन टोकांच्या मधोमध एक पूल दिसतो. त्याच्यावर पांढऱ्या तारांचे मोठे त्रिकोण उभे आहेत. उन्हात ते होडीच्या शिडासारखे दिसतात.

२०२४ च्या ६ डिसेंबरला आम्ही असेच वाळूवर बसलो होतो. सोबत मामा, मामी आणि त्यांची दोन नातवंडे. धाकटी नात पाचवीतली. तिने भाकरीचा तुकडा हातात धरूनच विचारले, "आबा, हा पूल खालून उभा आहे का वरून टांगला आहे?"

प्रश्न मोठा नेमका होता. मोठ्या माणसांनाही तो सुचत नाही. मामा म्हणाले, "मध्ये टांगला आहे. बाकीचा उभा आहे. मले माहीत आहे, मी तिथं होतो."

मामा तिथे होते ही गोष्ट खरी. जिनिंगचा हंगाम संपला, गावात काम उरले नाही, तेव्हा ओळखीच्या मुकादमाबरोबर ते मुंबईला गेले आणि या पुलाच्या कामावर लोखंड बांधायला लागले. सळई वाकवायची, जाळी विणायची, बारीक तार आकड्याने पिळून गाठ मारायची. दिवसभरात अशा किती गाठी मारल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मामांचा तो आकडा अजून घरी आहे. मामी त्याने चुलीतले निखारे ओढते.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देऊ. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आयुष्य सेंट्रिंगवर, गवंडीकामावर, रेल्वेच्या गँगमध्ये गेलेले आहे. पूल कसा उभा राहतो हे समजायला त्यांना इंजिनिअरची पदवी लागणार नाही.

पाण्यावर लांब पूल टांगायचा तर त्याच्या दोन रीती आहेत. पहिली झुलत्या पुलाची. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोन खांबांना दोरी बांधली, तिच्यावर ओले लुगडे टाकले की दोरी मध्ये लवते आणि खांब आत ओढले जातात. खांब कच्चा असेल तर लुगड्यासकट खाली येतो. झुलत्या पुलात हेच असते. दोन उंच मनोऱ्यांवरून एक जाडजूड मुख्य दोर जातो, त्याची दोन्ही टोके काठावरच्या खडकात किंवा काँक्रीटच्या डोंगराएवढ्या ठोकळ्यात गाडलेली असतात, आणि त्या दोराला उभ्या तारा बांधून खाली रस्ता टांगलेला असतो. मुख्य दोराचा सगळा ताण शेवटी त्या गाडलेल्या टोकांवर येतो. टोक सुटले की पूल संपला.

घरी करून पाहायचे असेल तर दोन खुर्च्या घ्या, त्यांच्या पाठींवरून सुतळी टाका, मधल्या भागाला फूटपट्टी बांधा आणि तिच्यावर वाटी ठेवा. सुतळी लगेच मध्ये लवेल आणि वाटी खाली येईल. आता सुतळीची टोके खुर्च्यांच्या मागे जमिनीवर आणून जड पाट्याखाली दाबा. वाटी तिथेच राहील. पोरे शाळेत हे विसरणार नाहीत.

दुसरी रीत माहीमच्या पुलाची. यात मुख्य दोर नसतो. मनोऱ्यापासून तारा सरळ तिरप्या निघतात आणि रस्त्याला जाऊन भिडतात, जितक्या डावीकडे तितक्याच उजवीकडे. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसासारखा हा प्रकार. कावडीच्या दोन घागरी सारख्या भरलेल्या हव्यात. एक भरली आणि एक रिकामी, तर माणूस चार पावले चालणार नाही. म्हणून हा पूल बांधतानाही मनोऱ्याच्या एका बाजूला एक तुकडा जोडला की दुसऱ्या बाजूला एक तुकडा जोडायचा, मग पुन्हा इकडचा, मग तिकडचा, असे काम चालते. माहीमच्या पुलालाही पुष्कळ लोक झुलता पूल म्हणतात. खरे तर तो झुलत नाही. तारांनी ताणून धरलेला आहे.

हे रस्त्याचे तुकडे मामांच्या ओळखीचे. काठावरच्या यार्डात ते ओतले जात. एकेकाचे वजन शंभर टनांहून जास्त. आत सळयांची जाळी, जाळीत पोकळ नळ्या. तुकडा समुद्रात नेऊन क्रेनने वर घेतला की शेजारच्या तुकड्याला रासायनिक लेप लावून चिकटवायचा, आणि नळ्यांतून पोलादी दोर ओवून जॅकने ताणायचे. मणी ओवून माळ घट्ट खेचावी तसे. दोर ताणल्यावर तुकडे एकमेकांत असे दाबून बसतात की मधून पातेही जाणार नाही. "आपल्याले वाटे, एवढा जड दगड पाण्यावर कसा राहीन," मामा सांगत होते, "पण दोर ताणला का तो गप बसे."

पुलाची पायाभरणी १९९९ मध्ये झाली. पाच वर्षांत, ६६० कोटींत काम होईल असा अंदाज होता. झाले दहा वर्षांत, सुमारे १६०० कोटींत. उद्घाटन ३० जून २००९ रोजी झाले, तेही निम्म्या पुलाचे. आठपैकी चारच मार्गिका तयार होत्या, उरलेल्या चार २०१० मध्ये सुरू झाल्या. सरकारी नाव राजीव गांधी सागरी सेतू. लोक सी-लिंक म्हणतात. एकूण लांबी ५.६ किलोमीटर. त्यातला बराचसा भाग साध्या खांबांवर उभा आहे, म्हणजे मामांचे उत्तर अगदी बरोबर. वांद्र्याकडच्या मोठ्या मनोऱ्याची उंची १२८ मीटर आहे. बोदवड स्टेशनासमोर तो उभा केला तर मलकापूरच्या वाटेवरून दिसेल. त्याच्या दोन्ही हातांना अडीचशे-अडीचशे मीटर रस्ता तारांवर तोललेला आहे आणि तिथे २६४ तारा आहेत. वरळीकडे लहान मनोरा आणि १६० तारा. पुलात लागलेल्या पोलादी तारा एकीपुढे एक ठेवल्या तर पृथ्वीला वेढा बसेल, असे तेव्हा सांगत. मामांना हे कोणीतरी ऐकवले तेव्हा ते म्हणाले होते, "वेढ्याचं जाऊ द्या, बांधली कोणी ते लिहा."

दहा वर्षे का लागली याची कारणे पुष्कळ आहेत आणि त्यातली काही कोर्टकचेरीची आहेत. ती इथे नको. पण एक कारण सांगितलेच पाहिजे. वरळीचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यातून होड्या बाहेर काढतात. त्यांनी हरकत घेतली. खांब जवळ जवळ उभे केले तर लाटेत होडी खांबावर आदळेल, हे त्यांना नकाशा न पाहता कळत होते. शेवटी आराखडा बदलला, पूल समुद्रात आणखी आत सरकला आणि वरळीकडे होड्यांच्या वाटेवरही तारांवर तोललेला भाग आला. आज तो लहान मनोरा पाहून लोक शोभा म्हणून फोटो काढतात. त्याच्या मुळाशी होडीचा रस्ता आहे. पुढे किनारी रस्ता झाला तेव्हा वरळीत तोच वाद पुन्हा उभा राहिला. तिथे दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले होते. कोळी बांधवांनी काम रोखून धरले, तेव्हा २०२२ च्या डिसेंबरात ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. त्यांना याहून जास्त हवे होते.

आता वाऱ्याविषयी. खाडीवरचा वारा आमच्या गावच्या वाऱ्यासारखा नसतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वावटळ उठते, पत्रे उडवते आणि निघून जाते. पावसाळ्यात खाडीवरचा वारा दिवसचे दिवस थांबत नाही. मामा सांगतात, पावसाळ्यात पाण्यावरचे काम बंदच असे, आणि उघडीप असली तरी वारा वाढला की वरच्या माणसांना खाली बोलावत. पट्टा कमरेला, हेल्मेट डोक्याला, तरी आकडा हातातून निसटला की समुद्रात.

वारा पुलाला नुसता ढकलत असता तर सोपे होते. पण तो खोडी काढतो. रेल्वेच्या कडेचे तारायंत्राचे खांब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल, लहानपणी आपण खांबाला कान लावून "गाडी येते आहे का" ऐकत असू आणि आतून गुंऽऽ असा आवाज येई. तो आवाज गाडीचा नसे, वाऱ्याचा असे. तारेला ओलांडून जाताना वाऱ्याचे छोटे भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटतात आणि तार थरथरते. तार बारीक असली तर ती गाते. पूल असला तर तो हलतो.

याचा धडा जगाला अमेरिकेत मिळाला. तिथे टॅकोमा गावाजवळ समुद्राच्या एका अरुंद, वाऱ्याच्या पट्ट्यावर झुलता पूल बांधला आणि तो १ जुलै १९४० रोजी खुला केला. मधला गाळा ८५३ मीटर लांब, रस्ता मात्र जेमतेम बारा मीटर रुंद. कडेला आठ फूट उंचीच्या सलग पोलादी भिंती, वारा आरपार जायला जागा नाही. पूल पहिल्या दिवसापासून लाटेसारखा खालीवर होई. लोकांनी त्याचे नाव लाडाने 'धावरी गर्टी' या अर्थाचे ठेवले होते, आणि मजा म्हणून गाड्या घेऊन येत. ७ नोव्हेंबर १९४० रोजी सकाळी वारा ताशी साठ-पासष्ट किलोमीटरचा होता. त्याला वादळ म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी पूल खालीवर व्हायचे सोडून पिळवटू लागला. पिळलेले लुगडे दोन बायका दोन टोकांना धरून झटकतात तसा. एक बाजू वर, दुसरी खाली, पुन्हा उलटे. जितका पिळे तितका वारा त्याला आणखी पिळायला धरी. थोड्या वेळात मधला रस्ता तुटून पाण्यात पडला. माणूस एकही गेला नाही. एका वार्ताहराची मोटार पुलावर अडकली होती, तो रांगत बाहेर आला. मोटारीत मागे राहिलेला कुत्रा तेवढा गेला. या सगळ्याचे चलत्‌चित्र घेतलेले आहे आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना ते अजून दाखवतात.

तेव्हापासून असा कोणताही मोठा पूल बांधण्याआधी त्याची छोटी प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहतात. रस्त्याच्या कडा पात्यासारख्या निमुळत्या करतात, म्हणजे वारा कापला जातो. टॅकोमाला १९५० मध्ये नवा पूल झाला, त्याच्या बाजू जाळीच्या आहेत. आपल्या खिडकीला गज असतात तसा वारा मधून जातो.

वाऱ्याइतकाच दुसरा शत्रू गंज. खाऱ्या हवेत सायकल सहा महिन्यांत लाल होते हे मुंबईला राहिलेल्यांना ठाऊक आहे. पण गंज समुद्राशिवायही लागतो. गुजरातेत मोरबी गावी मच्छू नदीवर पायी जाणाऱ्यांसाठी जुना झुलता पूल होता. दुरुस्तीसाठी तो कित्येक महिने बंद होता, २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा उघडला, आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला संध्याकाळी, सुट्टीच्या गर्दीत तो तुटला. १३५ माणसे गेली. लहान मुले त्यात किती तरी. पुढे तपास पथकाने सांगितले की मुख्य दोरातल्या ४९ तारांपैकी २२ गंजून आधीच तुटलेल्या असाव्यात. नवा रस्ता टाकला, पण ज्यावर तो टांगायचा तो जुना दोर तसाच राहिला. मामांना आम्ही हे वाचून दाखवले होते. ते काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. लोखंडाचे काम केलेल्या माणसाला अशी बातमी वेगळी लागते.

तर आमच्या पुलाकडे येऊ. सी-लिंकवर पायी जाता येत नाही. सायकल, मोटारसायकल, रिक्षा, काहीच नेता येत नाही. चारचाकी हवी, आणि टोल हवा. मोटारीचा एका फेरीचा टोल सुरुवातीला ५० रुपये होता. एप्रिल २०२४ मध्ये तो ८५ वरून १०० झाला. पायी माणसाला बंदी का, याला वाऱ्याचे आणि वेगाच्या गाड्यांचे कारण सांगतात आणि ते खोटे नाही. तरी मनात एक गोष्ट येतेच. याच खाडीवर, माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये, १८४५ पासून एक जुना रस्ता आहे, माहीम कॉजवे. त्याआधी लोक होडीने जात आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकारकडे पैसा नव्हता. तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभॉय या बाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि अट घातली म्हणतात ती एवढीच, की या रस्त्यावर कोणाकडून टोल घ्यायचा नाही. दादर-माहीमचा लेडी जमशेटजी रस्ता त्यांच्याच नावाचा. आजही त्या कॉजवेवरून माणूस फुकट, पायी जातो.

सांगायचे ते हे, की मामांनी त्या पुलावर काम केले, पण पूल झाल्यावर त्यावरून ते कधी गेले नव्हते. काम संपले तसे ते गावी परत आले. पुढे दर ६ डिसेंबरला वाळूवरून बोट करून दाखवत, "त्या जाड खांबाच्या अलीकडे." पोरे हो म्हणत. या वेळी नात म्हणाली, "मग चला ना."

मामी म्हणाली, पैसे काय झाडाला लागले आहेत. तरी सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली. ७ तारखेला सकाळी लोकलने वांद्र्याला गेलो आणि स्टेशनाबाहेर काळीपिवळी टॅक्सी ठरवली. मामा पुढे, मागे मामी आणि आम्ही, मांडीवर दोन्ही नातवंडे. टोलनाक्यावर मामांनी शंभराची नोट स्वतः काढून दिली. आम्ही देत होतो, पण त्यांनी हात बाजूला सारला.

टॅक्सी पुलावर चढली आणि वाऱ्याचा आवाज बदलला. काचेच्या फटीतून शिट्टी वाजू लागली. डावीकडे माहीम, मग दादर. नातीने सर्वांत आधी चैत्यभूमीचा पांढरा घुमट ओळखला आणि टॅक्सीत ओरडली. आम्ही सारे इतकी वर्षे तिकडून इकडे पाहत होतो. इकडून तिकडे पाहिल्यावर ती जागा किती लहान आणि किती पाण्याजवळ आहे हे प्रथमच दिसले.

मामा मात्र तिकडे पाहत नव्हते. ते वर पाहत होते. मोठा मनोरा जवळ आला तसे त्यांनी ड्रायव्हरला म्हटले, "भाऊ, जरा हळू घ्या. थांबता येत असीन तर..." ड्रायव्हर म्हणाला, थांबता येत नाही काका, दंड लागतो. पण त्याने गाडी डाव्या मार्गिकेत घेतली आणि वेग कमी केला. मागच्या गाड्या हॉर्न देऊन पुढे गेल्या. तारा एकामागून एक काचेवरून सरकत राहिल्या. मामा ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते. तारा मोजत असतील असे आम्हाला वाटले. नंतर विचारले तेव्हा म्हणाले, त्यांच्या टोळीत सळईवर बारा जण होते, त्यांची नावे आठवत होतो, दहा आठवली.

पाच-सहा मिनिटांत वरळी आली. समुद्राच्या कट्ट्यावर उतरलो, पोरांना भुट्टे घेऊन दिले. मामा मागे वळून पुलाकडे बराच वेळ पाहत राहिले. नातीने विचारले, "आबा, तुमच्या गाठी कुठे आहेत?" ते म्हणाले, "आत आहेत. काँक्रीटच्या आत. त्या दिसाया नही पाहिजे, दिसल्या का समज काम वाईट झालं."

परतीची गाडी रात्रीची होती. कल्याण सोडल्यावर अकरावे नाव आठवले म्हणून मामांनी आम्हाला झोपेतून उठवले. मामी म्हणाली, "तुमचं ते मोजणं पुरे करा. मले पुढल्या साली पुन्हा न्या, मी त्या पुलावर सगळा वेळ डोळे मिटून बसली होती."